आधीची तारीख

जिना उतरताना मैत्रिणीने विचारलं, "तू हिला आधी भेटली होतीस का? एकटी?"

मागच्या जुलैतली गोष्ट. प्रभात रोडच्या एका गल्लीत जुना बंगला, त्याच्या वरच्या मजल्यावर वकीलबाईंचं ऑफिस, आणि खाली यायला लाकडी जिना, पावसाने फुगलेला, एकेक पायरी कुरकुरणारी. दोन्ही ओल्या छत्र्या माझ्या हातात होत्या कारण तिची पिशवी जड होती, पिशवीत भाजणीची चार पाकिटं, वकीलबाईंना द्यायला म्हणून आणलेली आणि द्यायची राहूनच गेलेली. मी तिच्याकडे न बघता पायरीकडे बघत म्हटलं, "नाही गं. फोनवर बोलले होते फक्त." ती "हं" म्हणाली. मग कोपऱ्यावर चहा घेतला, रिक्षा मिळत नाहीत यावर बोललो, तिच्या मुलाच्या बारावीवर बोललो, आणि ती तिच्या घरी गेली, मी माझ्या. विषय तिच्या डोक्यातून गेला असावा. माझ्या डोक्यातून काही गेला नाही. रात्री कुकर लावताना, सकाळी केस विंचरताना, मधेच ते "फोनवर बोलले होते फक्त" माझ्याच आवाजात ऐकू यायचं.

कारण भेटले होते ना. नऊ दिवस आधी, मंगळवारी, सकाळी अकराला. साडेतीन हजार फी, माझ्या खात्यातून, पावतीसकट.

आमचा धंदा म्हणजे थालीपिठाची भाजणी. म्हणजे तिच्या आईची भाजणी, काकूंची. मी पहिल्यांदा खाल्ली ती कॉलेजात असताना, त्यांच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत, लोण्याचा गोळा वर विरघळतोय आणि कडा इतक्या कुरकुरीत की शेजारच्या खोलीत आवाज जावा. काकूंचं प्रमाण अजून मापट्यात आणि चिपट्यात आहे, ज्वारी इतकी, बाजरी इतकी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, आणि प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, एकत्र नाही, आणि उडीद कधी उतरवायचा ते रंगावरून नाही तर वासावरून. दोन वर्षं आम्ही सोसायटीत, ओळखीपाळखीत, दिवाळीच्या प्रदर्शनात वगैरे विकत होतो, जीपेवर पैसे, वहीत हिशेब. मग एका दुकानवाल्याने महिन्याला दोनशे किलो मागितली आणि बिल कंपनीच्या नावाने पाहिजे म्हणाला. मी तोवर नोकरी सोडलेली होती, पीएफचे पैसे आलेले, त्यातले सहा लाख घालायचं ठरवलं. ती भाजणी घालणार, हात घालणार, मी पैसे घालणार आणि हिशेब बघणार. निम्मी निम्मी. हे सगळं ठरायला एक थालीपीठ पुरलं.

आमच्या सीएंना विचारलं तर ते म्हणाले, वकील कशाला मॅडम? आणि खरं सांगायचं तर त्यांचं चूक नव्हतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायला दोन डायरेक्टर आणि दोन भागधारक लागतात, ते दोघीत भागतात. पूर्वी निदान एक लाख भांडवल दाखवायला लागायचं, ती अट २०१५ लाच गेली. पंधरा लाखांपर्यंतच्या भांडवलाला सरकारी नोंदणी फी शून्य, फक्त राज्याची स्टॅम्प ड्युटी. स्पाइस प्लस नावाचा एक ऑनलाइन फॉर्म २०२० पासून आहे, त्यातच नाव, त्यातच पॅन, टॅन, बँक खातं सगळं, आणि शेवटी सगळं नियमात आहे असं सही करून सांगायला एक व्यावसायिक लागतो, तो सीए असला तरी चालतो, सीएस, म्हणजे कंपनी सेक्रेटरी, असला तरी चालतो, कॉस्ट अकाउंटंटही चालतो. वकीलही चालतो, पण म्हणजे नुसता चालतो, हवाच असं नाही. मला वाटलेलं आकुर्डीला रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन रांगेत उभं राहायला लागेल, डबा वगैरे घेऊन. तसलं काही नाही. अर्ज जातो हरियाणात मानेसरला, तिथे कुणीतरी कुणाचंही तोंड न बघता कंपनी जन्माला घालतो आणि दाखला ईमेलवर येतो.

इंटरनेटवर तर एक हजार चारशे नव्व्याण्णवमधे कंपनी काढून देणारे पावलापावलावर. एकदा नंबर टाकला की संपलं. मला तीन आठवडे रोज फोन येत होते, एक मुलगा तर इतका गोड बोलायचा की मला त्याला नाही म्हणायचं वाईट वाटायला लागलं. त्याने मला दोन डायरेक्टरमधल्या कराराचा एक तयार नमुना "कॉम्प्लिमेंटरी" पाठवला. अठरा पानं. मी अकाउंट्सवाली बाई, मला वाचायची सवय आहे, मी चष्मा लावून रात्री बसले. अकराव्या पानावर एक वाक्य होतं की हा करार "स्टेट ऑफ डेलावेअर"च्या, म्हणजे अमेरिकेतल्या एका राज्याच्या, कायद्यानुसार वाचला जाईल. बाकी सगळीकडे महाराष्ट्र केलेलं होतं, तेवढं एक राहिलं होतं. मी हसले आणि मग हसू गेलं. कारण बाकीची सतरा पानं पण तिथूनच आली असणार, नाव बदलून, आणि त्यात काय काय राहिलंय ते मला कळणार नव्हतं.

मग वकील शोधायला लागले. आणि मजा म्हणजे वकील शोधताच येत नाही.

डॉक्टर शोधता येतो, फ्लॅट शोधता येतो, नवरा तर कसाही शोधता येतो. पण बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाने जाहिरात करायची नाही. दारावरची पाटीसुद्धा बेताची पाहिजे. २००८ नंतर वेबसाइट काढायची परवानगी मिळाली, पण तिथे फक्त नाव, पत्ता, शिक्षण, कुठल्या प्रकारचं काम करतो एवढंच. म्हणून बहुतेक वकिलांच्या साइटवर आधी एक चौकट उघडते की मी स्वतःच्या इच्छेने माहिती घ्यायला आलोय, मला कुणीही बोलावलेलं नाही, आणि खाली "मान्य आहे" दाबायचं. कुणाच्या घरी जाऊन उंबऱ्यावरच कबूल करायचं की आमंत्रण नव्हतं, मीच आले, मग आत यायचं. मला ते का कोण जाणे आवडलं. गोड बोलणाऱ्या त्या मुलानंतर कुणीतरी गप्प आहे याचंच बरं वाटलं. पण शोधायचं कसं हा प्रश्न राहतोच. राहते फक्त ओळख, आणि ओळखीत वकील म्हटलं की आमच्याकडे एकच नाव, मामा.

मामा शिवाजीनगर कोर्टात चाळीस वर्षं आहेत. बाहेर टेबलं मांडून बसलेले नोटरी, शिक्के, टायपिंगचा आवाज, काळ्या कोटांच्या पाठींवर घामाचे पांढरे नकाशे, आणि कँटीनमधला तो तांबडा चहा. मामांनी मला बाकावर बसवलं, दोन क्लायंट वाटेला लावले (एकाचा चेक बाउन्स, एकाची बांधावरून मारामारी) आणि म्हणाले, "भागीदारीपत्र करून टाकू. शंभराचा पेपर आता बंद झालाय, पाचशेचा आणायला सांगतो. संध्याकाळपर्यंत हातात." मी म्हटलं मामा भागीदारी नाही, कंपनी, आणि ती अठरा पानं पुढे केली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून चार पानं वाचली. मामा वाचताना ओठ हलवतात, लहानपणी आम्ही त्यांची नक्कल करायचो. मग पानं नीट एकावर एक ठोकून माझ्या हातात दिली.

"हे माझं काम नाही गं," म्हणाले. "मला भिंत दे, वाट दे, विहीर दे, मी भांडतो. अजून न झालेलं भांडण मला नाही लिहिता येत."

मला वाटतं मामांबद्दल जितका आदर मला त्या मिनिटाला वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता. त्यांच्याच जागी दुसरा कुणी असता तर काहीतरी लिहून दिलं असतं आणि पैसेही घेतले असते. आपल्याकडे कुणी "मला येत नाही" म्हणतच नाही. मामांनीच एका जुन्या ज्युनियरच्या वर्गमैत्रिणीचा नंबर काढून दिला, "ती कोर्टात येत नाही फारशी, पण कागद चांगला करते म्हणतात." शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे ऐकत आपण मोठे झालो, आणि ही बाई वकील असून ती पायरी चढत नाही म्हणे. म्हणजे नक्की काय करत असेल याचं मला कुतूहलच वाटलं.

आणि एकटी का गेले? हे मी स्वतःला शंभरदा विचारलंय. मैत्रिणीला त्या दिवशी वेळ नव्हता हे खरं आहे. पण मी तिला वेळ विचारलाच नव्हता हेही खरं आहे.

सांगलीला बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, भागीदारीत. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटरी जळून यायच्या, उन्हाळ्यात तर रांग, आणि बाबा आणि काका दोघं मिळून जुनी जळकी तार उपसून काढायचे, नवी तांब्याची तार भरायचे, मग वार्निशमधे बुडवून भट्टीत. तो वार्निशचा वास बाबांच्या शर्टाला असायचा, रविवारी सुद्धा. काका म्हणजे सख्खे नव्हेत, पण दिवाळीला पहिला डबा त्यांच्या घरी जायचा आणि त्यांचा पहिला आमच्याकडे यायचा. त्या सांगलीच्या काकूंच्या चिरोट्यांची सर आमच्या घरात कशाला नव्हती, आई कबूल करायची, वर्षातून एकदा. भागीदारीपत्र दोन पानांचं होतं, जांभळ्या कार्बनची प्रत, नफातोटा निम्मा निम्मा. पुढे मी दहावीला असताना काका गेले, झोपेतच. आणि तेव्हा कुणीतरी बाबांना सांगितलं की कायद्याने एक भागीदार गेला की भागीदारी संपते, वेगळं काही लिहिलं नसेल तर, आणि दोघांतला एक गेल्यावर लिहून तरी काय, उरलेला एकटा कुणाशी भागीदारी करणार. १९३२ चा कायदा. म्हणजे दुकान चालू होतं, मोटरी येत होत्या, भट्टी गरम होती, आणि कागदावर दुकान संपलं होतं.

तेराव्यानंतर काकू दुकानात आल्या. दुकानात त्या पहिल्यांदाच येत होत्या. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "भावोजी, आमचा वाटा किती होतो?" बाबांना उत्तर देता येईना. लबाडी नव्हती, मी शपथेवर सांगते. मोजायचं कसं हेच कुठे लिहिलेलं नव्हतं. लेथ विकत घेतला तेव्हाची किंमत धरायची की आत्ताची? अर्धा ड्रम वार्निश? उधारीची वही, ज्यातले निम्मे लोक कधीच देणार नव्हते? आणि ती रांग, उन्हाळ्यातली, जी काकांच्या हाताला होती, तिचे किती? बाबांनी महिनाभर बेरजा केल्या आणि एक आकडा दिला. तो काकूंना कमी वाटला. तो आमच्या आईला जास्त वाटला. कुणी कुणाला एक शब्द वाकडा बोललं नाही. त्या दिवाळीला आमचा फराळाचा डबा त्यांच्याकडे गेला तो घासून पुसून परत आला. रिकामा. आईने झाकण उघडून बघितलं, परत लावलं, आणि तो डबा नंतर कधी कुणाकडेच पाठवला नाही, त्यात ती शिवणाचे दोरे ठेवायची.

तर मी एकटी गेले. मला त्या बाईसमोर काही गोष्टी बोलायच्या होत्या ज्या मैत्रीण शेजारी बसलेली असताना माझ्या तोंडून निघाल्या नसत्या. की सहा लाख माझे आहेत आणि उद्या ती मुलाच्या शिक्षणासाठी बंगलोरला गेली तर? की प्रमाण तिच्या आईचं आहे आणि उद्या तिच्या वहिनीने तीच भाजणी दुसऱ्या नावाने काढली तर? असले विचार मनात आले की मला स्वतःचीच लाज वाटायची, बावीस वर्षांची मैत्री आणि हे काय डोक्यात, आणि तरी ते यायचे, बहुतेक पहाटे.

वकीलबाई पन्नाशीच्या, कॉटनची साडी, टेबलावर कॉम्प्युटर आहे पण नोंदी पेन्सिलीने. त्यांनी मला पाऊण तास बोलू दिलं आणि एकदाही "असं काही होणार नाही हो" असं म्हणाल्या नाहीत. सगळ्यांनी म्हटलं होतं, नवऱ्याने, सीएंनी, बहिणीने. यांनी फक्त विचारलं. नावाचा ट्रेडमार्क कुणाच्या नावावर टाकलाय? (तिच्या. कंपनी नव्हतीच तेव्हा, साडेचार हजार भरून तिनेच क्लास तीसमधे, म्हणजे पिठांच्या वर्गात, टाकला होता.) लोगो कुणी काढला? (माझ्या भाच्याने, पाच हजार दिले.) त्याने लिहून दिलंय? नाही? मग सहसा हक्क काढणाऱ्याचाच राहतो, आणि लिहून घेताना मुदत घालायला विसरलात तर कायदा पाचच वर्षं धरतो. मी भाच्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. सहाव्या वर्षी तो माझ्याकडे लोगो परत मागतोय. डेलावेअरच्या कागदात एक कलम होतं की जी सोडून जाईल तिने दोन वर्षं असाच धंदा करायचा नाही, मी त्यावर फार विसंबून होते, बाईंनी ते पेन्सिलीने आडवं खोडलं. आपल्याकडे करार कायद्याचं सत्ताविसावं कलम आहे, १८७२ पासून, कुणाला पोट भरायला बंदी करणारा करार चालत नाही. "गेल्यावर भाजणी भाजू नको असं तुम्ही तिला नाही सांगू शकत. गुपित उघड करू नको एवढं सांगू शकता." मला धक्का बसला आणि थोडं हलकंही वाटलं.

शेवटी निघताना म्हणाल्या, "एक लक्षात घ्या, आजपासून मी तुमची वकील. दोघींची नाही. पुढच्या वेळी त्यांना घेऊन याल तेव्हा मी हे त्यांच्यासमोर सांगणार."

आणि सांगितलं. नऊ दिवसांनी आम्ही दोघी समोर बसलो होतो, मैत्रिणीने पिशवी पायाशी ठेवलेली, ती उत्साहात काकूंचं मापटं-चिपटं समजावत होती आणि बाई खरंच रस घेऊन ऐकत होत्या, त्यांच्या आजीकडे मापटं होतं म्हणे पितळेचं. मग त्या शांतपणे म्हणाल्या की मी या मॅडमचं काम बघतेय, तुमचं नाही, तुम्ही सही करायच्या आधी तुमचा स्वतःचा वकील बघा. मैत्रीण हसली. "आमच्यात कशाला दोन दोन वकील?" बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, एक उदाहरण सांगते. मद्रासकडचं एक घराणं, खाजगी कंपनी, पन्नास शेअर, दोन भाऊ, पंचवीस पंचवीस. १९५१ मधे तोंडी ठरलं की दोन्ही घरांकडे कायम निम्मे निम्मे राहणार, कुणाला विकायचे असले तर आधी आपल्याच घरात विचारायचं. पुढच्या पिढीत एकाने आपले शेअर परस्पर दुसऱ्या घराला विकले. सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि १९९१ मधे निकाल लागला की शेअर विकण्यावरचं असं बंधन कंपनीच्या आर्टिकल्समधे, म्हणजे तिच्या स्वतःच्या नियमावलीत, लिहिलेलं नसेल तर ते बांधत नाही. ना कंपनीला, ना भागधारकांना. चाळीस वर्षांपूर्वी दिलेला शब्द होता तो. "तुमचा तो स्वस्तातला पॅकेजवाला आर्टिकल्सचा छापील नमुना चिकटवेल. आणि नंतर बदलायचं तर तीन चतुर्थांश मतं लागतात. तुम्ही निम्म्या निम्म्या. रुसलात तर कशालाच मतं नाहीत, मग मुंबईला कंपन्यांच्या ट्रिब्युनलमधे जा."

मैत्रिणीने पन्नास शेअरांचं काही ऐकलं नसावं. ती "तुमचा स्वतःचा वकील बघा" पाशीच थांबली होती. म्हणून जिन्यात तो प्रश्न. बरोबरच होता, मीही विचारला असता. ही हिची वकील झाली कधी, आपण तर आत्ता भेटलो.

पुढचे दोन महिने कागदांचे. तिने कोथरूडमधला एक तरुण वकील बघितला, तिच्या चुलतभावाचा मित्र, आणि मला वाटलं होतं औपचारिकता असेल, पण त्या मुलाने आमचा मसुदा लाल करून पाठवला. त्यातली एक दुरुस्ती मी कधी विसरणार नाही. भाजणीचं प्रमाण कंपनीच्या मालकीचं होणार नाही, ते काकूंचंच राहील, कंपनीला फक्त वापरायची परवानगी, आणि कंपनी बंद पडली किंवा विकली तर परवानगी संपेल. मी ते वाचलं आणि मला राग आला, खरा, कानशिलं तापवणारा. म्हणजे तिलाही पहाटे जाग येत होती तर. आणि मग हळूहळू, भाजी निवडता निवडता, तो राग उतरायला लागला. निम्मी निम्मी काय, मला तरी कुठे काकूंची भाजणी विकत घ्यायची होती. शेअर टप्प्याटप्प्याने चार वर्षांत पक्के व्हायचे हे माझ्या बाजूचं कलम तिने घेतलं (तिला समजावताना मी म्हटलं, आंबे अढीत घालतो ना तसं, लगेच खायचे नाहीत, आणि ती म्हणाली, आणि नासला तर?), प्रमाणाचं तिचं कलम मी घेतलं. शेअर विकताना आधी एकमेकींना विचारायचं, ते आर्टिकल्समधे गेलं. एकीचं काही बरंवाईट झालं तर वाटा मोजायचा कसा त्याचं दीड पान आहे. ते दीड पान मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. वार्निशचा अर्धा ड्रम त्यात कुठे बसतो ते बघत होते बहुतेक.

प्रमाण काकूंनी स्वतः लिहिलं, वहीच्या पानावर, लाखेने बंद पाकीट, ते बँकेच्या लॉकरमधे. काकू म्हणाल्या, "उडदाचा वास कसा लिहायचा?" आणि आम्हा दोघींनाच काय, दोन्ही वकिलांनाही ते सांगता आलं नाही. पाकिटात बहुधा तेवढं नाहीये.

दाखला ऑक्टोबरात आला, एका गुरुवारी दुपारी, मी दळणाच्या रांगेत होते. दोन नावं दिली होती त्यातलं दुसरं मिळालं. (नाव इथे लिहीत नाही. वकिलांना जाहिरात करता येत नाही तर मी पण नाही करत.) त्यानंतर शेअरचे पैसे खात्यात भरून १८० दिवसांत एक घोषणापत्र द्यायचं, तीस दिवसांत पहिली बोर्ड मीटिंग, ऑडिटर नेमायचा, आणि मीटिंगमधे सुरुवातीचे खर्च मंजूर करायचे. सीएस मुलगी हुशार, पंचविशीची, तिने सांगितलं सगळी बिलं एका फोल्डरमधे टाका. मी टाकली. माझा तोच स्वभाव, पावती फेकायची नाही, फोल्डर नीट पाहिजे.

बोर्ड मीटिंग म्हणजे मैत्रिणीच्या स्वयंपाकघराशेजारची खोली, जमिनीवर चटई, एकीकडे वजनकाटा, ती पाकिटं सीलबंद करतेय, भाजणीचा गरम पिठूळ वास, आणि सीएस फोनच्या स्पीकरवर. एकेक खर्च वाचत होती. स्टॅम्प ड्युटी. डिजिटल सही, दोन. पाकिटांची छपाई. मग म्हणाली, "मॅडम, एक बिल आहे वकिलांचं साडेतीन हजारांचं, हे तुमच्या वैयक्तिक नावावर आहे, सल्ला फी म्हणून. हे कंपनीत नाही घेता येणार. तारीख पण बाकीच्यांच्या आधीची आहे, आठ जुलै. हे चुकून आलंय का?"

सीलिंग मशीनचा लाल दिवा लागला, विझला. तिने पाकीट काढून बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं, कडा जुळवल्या. मी फोनकडे बघत "हो हो, चुकून आलं, काढून टाक" म्हटलं. सीएस पुढच्या बिलावर गेली, एफएसएसएआयची, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याची फी, आणि मग लायसन्सची मुदत वगैरे काहीतरी सांगत राहिली आणि मी हं हं करत राहिले. फोन ठेवला. बाहेर कुणीतरी जुन्या वर्तमानपत्रांसाठी ओरडत होतं.

"आठ जुलै मंगळवार होता," ती म्हणाली. "मी त्या दिवशी दळण आणायला गेले होते, तुला फोन केलेला, तू उचलला नाहीस."

"हो."

तिने अजून दोन पाकिटं बंद केली. काट्यावर पीठ सांडलं होतं ते बोटाने गोळा केलं, तोंडात टाकलं, जराशी थांबली, जणू मीठ बघतेय.

"साडेतीन घेतले तिने?"

"साडेतीन."

"माझ्याने अडीच," ती म्हणाली. "प्रभात रोडला काय, पत्त्याचेच घेतात."